पैलतीरावरचे मराठी शुभवर्तमान

कलकत्त्याच्या उत्तरेस सुमारे २४ किलोमीटरांवर, हुगळी नदीच्या पूर्व काठी बराकपूर वसले आहे. महाराष्ट्रातील वाचकाला हे नाव ठाऊक असते ते मंगल पांडे यांच्यामुळे. २९ मार्च १८५७ रोजी याच छावणीत त्यांनी बंदूक उचलली. परंतु त्याच्या अर्धशतक आधी बराकपूरची ख्याती निराळी होती. लॉर्ड वेलस्लीने येथे नदीकाठी विस्तीर्ण उद्यान आखले, त्यात गव्हर्नर जनरलसाठी निवासस्थान उभारावयास घेतले, आणि तेव्हापासून हिंदुस्थानचे राज्यकर्ते शनिवार-रविवारच्या विश्रांतीसाठी बराकपूरला येऊ लागले. उद्यानासमोरच्या काठावर कंपनीचे राज्य नव्हते. तेथे डेन्मार्कच्या राजाची एक लहानशी वसाहत होती. तिचे नाव श्रीरामपूर. हे बंगालमधील श्रीरामपूर होय. नगर जिल्ह्यातील आपल्या श्रीरामपुराशी त्याचा संबंध नाही.

या डॅनिश वसाहतीत सेंट ओलाव्हचे चर्च बांधले गेले व ते १८०६ मध्ये पुरे झाले. त्याच्या वर्गणीत वेलस्लीचाही हात होता. बराकपूरच्या उद्यानात सर्व काही आहे, उणीव आहे ती दूरवर दिसणाऱ्या एखाद्या चर्चच्या मनोऱ्याची, असे तो म्हणाला होता, अशी आख्यायिका आहे. मनोरा झाला, आणि बराकपूरच्या हिरवळीवरून साहेबलोकांना तो नदीपलीकडे दिसू लागला.

मनोऱ्याच्या आसऱ्याला त्या काठावर जे चालले होते, ते मात्र दुरून दिसण्याजोगे नव्हते. तेथे काही मंडळी मराठी भाषेत बायबल उतरवीत होती.

हा योग विलक्षण खराच. १७४२ नंतरच्या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी हुगळीच्या याच पश्चिम बाजूचा मुलूख वारंवार लुटला. बंगाली आया मुलांना झोपविताना ज्या बर्गींचे भय घालीत, ते बर्गी म्हणजे आपलेच स्वार. आणि त्याच नदीकाठी, दोन पिढ्याही पुरत्या उलटल्या नसतील तोच, नागपूरकडचा एक पंडित एका इंग्रज गृहस्थाला मराठी वाक्यांचे अन्वय समजावून देत बसला होता. तो इंग्रज म्हणजे विल्यम केरी, आणि पंडित म्हणजे वैजनाथशास्त्री.

केरी मूळचा चांभारकाम करणारा. कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नसे; म्हणून त्याचे सहकारी मार्शमन व वॉर्ड ऑक्टोबर १७९९ मध्ये डॅनिश गव्हर्नर ओले बी याच्या आश्रयास श्रीरामपुरी उतरले आणि जानेवारी १८०० मध्ये केरी त्यांना येऊन मिळाला. त्याच वर्षी वेलस्लीने कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढले. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी शिक्षक हवे होते. ज्या माणसाला कंपनीच्या हद्दीत राहून धर्मोपदेश करावयास परवानगी नव्हती, त्यालाच १८०१ मध्ये कंपनीच्या कॉलेजात बंगाली शिकविण्यास बोलावणे आले, आणि १८०४ पासून तो मराठीही शिकवू लागला. सरकारी कारभाराच्या अशा विसंगती नव्या नाहीत.

या शिकवण्यातून मराठीला जे मिळाले, ते सर्वांस ठाऊक आहे. १८०५ मध्ये केरीचे मराठी व्याकरण निघाले. १८१० मध्ये कोश निघाला, तोही मोडी अक्षरात. श्रीरामपूरच्या ओतशाळेतील बंगाली कारागिरांनी मोडीचे ठसे घडविले होते. वैजनाथांनी सिंहासनबत्तिशी आणि हितोपदेश मराठीत आणले. आणि या साऱ्यांबरोबर १८०५ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमान व १८११ मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत छापून झाला. मराठी गद्याच्या इतिहासकारांनी या पुस्तकांची दखल मुद्रणकलेच्या अंगाने पुष्कळ घेतली आहे. परंतु शुभवर्तमान हे काही केवळ छापावयाचे पुस्तक नव्हे. ते उपासनेत उभे राहून, दहाजणांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचावयाचे असते. ते ऐकणाऱ्याच्या कानाला कसे लागते, हा प्रश्न मुद्रणाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो सहसा विचारला जात नाही.

केरीला हा प्रश्न उमगला होता, यात संशय नाही. बंगाली भाषांतर पारखण्याची त्याची रीत मोठी मार्मिक होती. मजकूर लिहून झाला की तो आपल्या पंडिताकडून मोठ्याने वाचवून घेई आणि स्वतः ऐकत बसे. वाचताना पंडिताने योग्य शब्दावर जोर दिला तर वाक्य बरोबर उतरले असे तो समजे. जोर भलत्या ठिकाणी पडला तर दोष भाषांतरात आहे, असा संशय घेई. त्या काळच्या बंगाली लेखनात विरामचिन्हे नसत. तेव्हा वाक्य कोठे थांबते हे वाचणाऱ्याच्या समजुतीवरच अवलंबून असे. म्हणजे ज्या कार्यशाळेतून छापील पानांचे गठ्ठे बाहेर पडत, तिच्यात शेवटचा निवाडा कानाचा होता.

बंगालीच्या बाबतीत तर कार्यशाळेबाहेरही कान होते. बराकपूर आणि त्याच्या आसपासचा प्रदेश कीर्तनाचा. बराकपूरच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर खडदह आहे. चैतन्य महाप्रभूंचे सहकारी नित्यानंद यांनी आपले बिऱ्हाड तेथेच केले. उत्तरेस हालिशहर, ते कालीभक्त कवी रामप्रसाद सेन यांचे गाव. ज्या माणसाने २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पात्रात, बराकपूरच्या समोरच्या घाटावर, केरीच्या हातून बाप्तिस्मा घेतला, तो कृष्ण पाल नावाचा सुतारही अशाच वातावरणात वाढलेला होता. तो पूर्वी कर्ताभजा पंथात होता, आणि त्या पंथाची सारी शिकवण गाण्यांतून चाले. ख्रिस्ती झाल्यावर त्याने काय केले? बंगालीत ख्रिस्ती पदे रचली. ती गात तो गावोगाव फिरला. कोणी त्याला तसे करण्यास सांगितल्याचे दिसत नाही. जे सांगावयाचे ते गाऊन सांगावयाचे, एवढेच त्याला ठाऊक होते. १८०१ मध्ये बंगाली नवा करार बांधून तयार झाला तेव्हा त्याची पहिली प्रत प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवून सर्व मंडळी कृतज्ञता व्यक्त करण्यास जमली. त्या मंडळीत ते पुस्तक आपल्याच भाषेत ऐकणारी माणसे होती.

मराठी भाषांतराच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. श्रीरामपुरात मराठी बोलणारी मंडळी कोठून असणार? केरीपाशी मराठीचा कान होता तो एका वैजनाथांचा, आणि तोही नागपूरकडचा, संस्कृताने घडलेला. ज्या भाषेची एकही उपासक मंडळी आसपास नाही, त्या भाषेत उपासनेचा ग्रंथ सिद्ध होत होता. वैजनाथांच्या विद्वत्तेला अगर केरीच्या कष्टांना त्यामुळे उणेपणा येत नाही. पण जे घडले त्याचे कारण मात्र येथेच शोधावे लागते.

१८१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेहून काही तरुण मिशनरी कलकत्त्यास उतरले. त्यातील जडसन आणि नुएल श्रीरामपुरात केरीच्या आश्रयाला राहिले. कंपनीने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. गॉर्डन हॉल व नॉट हे त्यांचे सोबती हुकूम चुकवून समुद्रमार्गे निसटले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. नुएल मागाहून त्यांना मिळाला. अमेरिकन मराठी मिशनचा हा प्रारंभ. मुंबईच्या रस्त्यांवर लोकांना उभे करून उपदेश करावयाचा, तर हाती मराठी वचने हवीत. श्रीरामपूरचा मराठी नवा करार छापून तयारच होता. परंतु मुंबईच्या माणसांना तो नीटसा कळेना. शेवटी या मंडळींनी स्वतःच मराठी शिकून नवे भाषांतर केले. ते १८२६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी हॉल महामारीने वारला. हुगळीच्या काठी इतक्या परिश्रमाने सिद्ध झालेला ग्रंथ पंधरा वर्षांत बाजूला पडला. तो ज्या कानांसाठी होता, ते कान त्याने कधी ऐकलेच नव्हते.

येथे थोडे मागे जाऊन गोमंतकाकडे पाहणे अवश्य आहे, कारण हाच प्रश्न तेथे दोनशे वर्षे आधी निघाला होता आणि त्याला फार वेगळे उत्तर मिळाले होते. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच, बहुतांशी साष्टीत राहिला. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याच्या आरंभीच, नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण आम्हाला का देत नाही? पुस्तक मागणारा हा माणूस मोठा समंजस. तो नुसती शिकवण मागत नाही. संध्याकाळी एकत्र बसून, एकाने म्हणावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, असे काहीतरी मागतो. त्याची पोकळी पुस्तकाची नव्हती, श्रवणाची होती.

स्टीफन्सने ती मागणी मानली. त्याने बायबलचे शब्दशः भाषांतर केले नाही. त्याने साऱ्या कथेची मांडणी ओवीत केली आणि मधूनमधून ऐकणाऱ्यांना प्रश्न विचारू दिले. मग पाद्रीने उत्तर द्यावे, कथा पुढे न्यावी. पुराणिकाच्या कट्ट्यावर बसलेल्या कोणालाही ही रीत परकी वाटली नसती. रविवारी आणि सणाच्या दिवशी चर्चमधून हे पुराण वाचले जाई. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले, आणि गोव्यात अशा वाचनाला ओहोटी लागली. पण जी ख्रिस्ती कुटुंबे कारवार-मंगळूरकडे गेली, त्यांनी ते आपल्याबरोबर नेले. घरोघर ते वाचले जात राहिले. म्हणूनच १९०७ मध्ये मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघू शकली. जुन्या छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे आणि म्हणणाऱ्यांच्या तोंडी. देवनागरीत तो पुण्यास १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे घाटावरच्या मराठी वाचकाला त्याची खरी ओळख झाली.

कोणी म्हणेल की, पुराण रचणे आणि शास्त्र वाचणे या भिन्न गोष्टी आहेत. आक्षेप खोटा नाही. केरी प्रॉटेस्टंट परंपरेतला; त्याच्या दृष्टीने मूळ वचनात स्वतःच्या पदरचा एकही शब्द घालणे हे पाप. स्टीफन्सने जी मोकळीक घेतली ती त्याला घेता आली नसती. शब्द जसाच्या तसा राखावा, तर तो ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचवावा, तर जसाच्या तसा राहत नाही. शास्त्रवाचनाची खरी अडचण हीच आहे आणि ती केवळ ख्रिस्ती धर्माची नाही.

पंडिता रमाबाई यांच्याइतका हिचा अनुभव दुसऱ्या कोणी घेतला नसेल. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण वाचून निर्वाह करीत. रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणीत या धंद्याचे नेमके वर्णन केले आहे. देवळाच्या मंडपात, झाडाखाली किंवा नदीच्या घाटावर पुराणिक पोथी घेऊन बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा चढ्या, हेलयुक्त आवाजात संस्कृत वाचतो. ऐकणाऱ्यांना अर्थ कळत नाही. तो सांगण्याचे बंधन पुराणिकावर नाही. आणि सांगितलाच तर रंजनासाठी त्यात पुष्कळ भर पडते. लहानपणापासून रमाबाईंनी हे वाचन केले आणि ऐकले.

१८७८ मध्ये, आईवडील व बहीण दुष्काळात गमावल्यावर, त्या भावासह कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांचा गौरव केला, हे प्रसिद्धच आहे. त्याच मुक्कामात त्यांना एका ख्रिस्ती मेळाव्याचे बोलावणे आले. खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बसलेली माणसे पाहून, ही मंडळी खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे या भावंडांना वाटले. तेथे कोणीतरी रमाबाईंना संस्कृत बायबलची प्रत भेट दिली. संस्कृत बायबलची परंपराही श्रीरामपूरचीच; केरीने नवा करार संस्कृतात १८०८ मध्ये आणला होता आणि कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मंडळींनी ते काम पुढे नेले होते. विद्वान हिंदूला शास्त्र संस्कृतातून द्यावे, हा हिशेब. भागवताचे हजारो श्लोक जिच्या जिभेवर होते, तिच्या हातात ते पुस्तक पडले. आणि तिने ते मिटून ठेवले. हे संस्कृत आपल्या ग्रंथांच्या संस्कृताहून इतके निराळे, यातला विषय इतका परका, की वाचण्यात वेळ दवडणे व्यर्थ, असे त्यांना वाटले.

व्याकरण शुद्ध होते. भाषा देवांची होती. तरीही पुराणिकाच्या मुलीला त्यात ऐकण्यासारखे काही सापडले नाही.

पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या, केडगावला त्यांनी मुक्तिसदन उभारले, आणि आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे त्यांनी मराठी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी वयाच्या उत्तरार्धात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. प्रचलित मराठी बायबलातील संस्कृतप्रचुर शब्द त्यांना खुपत. मुक्तिसदनातल्या बहुसंख्य मुली व बाया खेड्यापाड्यांतल्या, दुष्काळातून वाचलेल्या. शास्त्र वाचले जात असताना त्यांना ते कळले पाहिजे, ही त्यांची कसोटी. ग्रंथ मुक्तिसदनाच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून छापला. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. या भाषांतराच्या मराठीत काही ठिकाणी खडबडीतपणा आहे, हे मान्य करावयास हवे. पण अर्थ न सांगता वाचणारे पुराण आणि न समजणारे संस्कृत बायबल, या दोहोंच्या अनुभवातून हा सोपेपणाचा आग्रह जन्मला आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या खडबडीतपणाचे नवल वाटत नाही.

दुसरी वाट नगरहून निघाली. अहमदनगर म्हणजे आताचे अहिल्यानगर. तेथे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये ठाणे घातले. तेथल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे केले, त्याला शास्त्रवाचनाची खास मराठी रीत म्हणता येईल. कृष्णराव रत्नाजी सांगळे आदी मंडळींनी बायबलचे वचन कीर्तनात आणले. बंगालचे कीर्तन हे मुख्यतः समूहाचे गान. आपले कीर्तन एकट्याने उभे राहून करावयाचे. त्यात नमन होते, मग निरूपणाचे मूळ पद, त्यावर पूर्वरंग, आणि उत्तररंगात आख्यान. हा साचा हरिदासांनी शतकानुशतके घोटून तयार केला होता. नगरकरांनी त्यात पंढरीच्या आख्यानाऐवजी उधळ्या पुत्राची गोष्ट बसविली. टाळ, मृदंग, झांजा त्याच राहिल्या. वचन जसेच्या तसे वाचून दाखवावयाचे, आणि मग त्यावर बोलावयाचे, गावयाचे, पुन्हा वचनाकडे यावयाचे. केरी आणि स्टीफन्स यांच्यामधला तंटा या रचनेत जवळजवळ आपोआप मिटतो: मूळ शब्द आपल्या जागी शाबूत, आणि त्याच्या भोवती कीर्तनकार मोकळा. उपदेशाला न फिरकणारे गावकरीही कीर्तनाला बसत. आरंभी काही वडीलधाऱ्या ख्रिस्ती मंडळींना यात जुन्या धर्माचा वास आला असल्यास ते स्वाभाविकच होते.

याच नगरात नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. लहानपणापासून अभंग आणि ओवी कानी पडलेला हा कवी इंग्रजी चालींवर बेतलेली मराठी गीते चर्चमध्ये ऐकून अस्वस्थ झाला नसता तरच नवल. त्यांनी शेकडो भजने व अभंग लिहिले, स्वतः कीर्तने केली. आणि आज मराठी ख्रिस्ती उपासनेच्या संगीतातील मोठा भाग त्यांच्या लेखणीचा आहे. ख्रिस्ताचे संपूर्ण चरित्र ओवीत सांगण्याचे त्यांनी योजिले व त्याला ख्रिस्तायन हे नाव दिले. स्टीफन्सच्या पुराणानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी मराठी ओवी पुन्हा त्याच कथेकडे वळली होती. सुरुवातीचे काही अध्याय लिहून झाले होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले आणि काम थांबले.

ते हाती घेतले लक्ष्मीबाईंनी. त्यांचे लिहिणे-वाचणे लग्नानंतरचे आणि तेही अडखळत झालेले, हे स्मृतिचित्रांच्या वाचकांस ठाऊक आहे. जोडाक्षरांशी त्यांचा झगडा होता. पण घरातल्या बायकांच्या ओव्या, देवळातली कथा, आणि पुढे पतीची कीर्तने यांनी त्यांचा कान घडविला होता. त्यांनी स्वतःही कीर्तने केली होती. वैजनाथशास्त्र्यांपाशी व्याकरण होते आणि श्रोते नव्हते. लक्ष्मीबाईंपाशी व्याकरण थोडे होते, पण त्यांच्या लिहिण्यात श्रोता सदैव समोर बसलेला असे. त्यांनी ख्रिस्तायनाचे ६४ अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. ग्रंथ १९३८ मध्ये छापून निघाला, आणि मराठी ख्रिस्ती घरांतून ओव्या म्हणणाऱ्यांना तो म्हणता आला.